मागे राहिलेले मासे

खडेमिठाची पिशवी. बिनसाखरेचा चहा. अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे मासे. वर्षापूर्वी कोर्टात संपलेलं नातं.

हे सगळं सदानंदरावांच्या हॉलमध्ये एकत्र आलं होतं, कारण त्यांची पूर्वीची सून मृण्मयी बाह्या दुमडून फिशटँकपुढे उभी होती. घटस्फोटानंतर मुलगा बंगळुरूला गेला, ती माहेरी गेली. तिचे मासे तेवढे इथे राहिले. नुसतं "कशी आहेस?" विचारायला फोन करायचा तर कुठल्या नात्याने, या विचाराने सदानंदराव वर्षभर गप्प बसले होते. मासे आजारी पडले, तेव्हा कुठे त्यांनी तिला फोन केला.

"नवा मासा आणला की आधी वेगळ्या बादलीत ठेवायचा, किती वेळा सांगितलं होतं, बाबा? त्या एकट्यामुळे सगळ्यांना लागण झाली."

ती अजून 'बाबा'च म्हणाली. त्यांनी घाईघाईने चष्मा पुसला. "विसरलो गं."

तिने मीठ विरघळवून टाकीत सोडलं, हीटर वाढवला. "तुम्हाला झेपत नाही हे. टाकी मीच घेऊन जाते."

सदानंदराव पटकन टाकीपुढे आले. "नको! तू सांगशील ते सगळं करतो. फक्त अधूनमधून येऊन बघून जा."

ओढणीला हात पुसून तिने चहाचा घोट घेतला. "रविवारी येते पाणी बदलायला. आणि चहात साखर घाला, बाबा. मी घेते आता."

दुकानात तो नवा मासा निवडताना त्याच्या शेपटीवरचे पांढरे कण सदानंदरावांना स्पष्ट दिसले होते.