प्रस्थानाची पिशवी

सुरतेच्या कारखान्यासाठी यंत्रं आणायला योगेंद्र सारखा विमानानं परदेशी जायचा. प्रवासात जमलेल्या मैलांच्या बदल्यात विमान कंपनीनं दोन फुकट तिकिटं दिली, तेव्हा त्यानं आईला दाखवायला एकाच फेरीत बँकॉक, सिंगापूर आणि हाँगकाँग बसवलं. अट एकच होती, वाटेत उतरा, पण मागं फिरू नका. फुकटच्या जागा मात्र मिळाल्या त्या नेमक्या अमावस्येच्या. आईनं, म्हणजे सुंदराबाईंनी, वाद घातला नाही. आधीचा चांगला मुहूर्त पाहून सामानातली एक पिशवी त्यांनी शेजारच्या निर्मलाबेनकडे प्रस्थान म्हणून ठेवली, म्हणजे प्रवास शुभवेळीच सुरू झाला. निघायच्या सकाळी रिक्षा दारात आली आणि योगेंद्रनं पासपोर्ट मागितले. "प्रस्थानाच्या पिशवीत आहेत. एस.टी.च्या प्रवासाला प्रस्थानात सुपारी चालते, विमानाला पासपोर्टच ठेवायला हवा ना?" सुंदराबाई म्हणाल्या. निर्मलाबेनच्या दाराला कुलूप होतं. त्या माहेरी, बारडोलीला गेल्या होत्या. योगेंद्रनं कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून बारडोलीला फोन लावला. "बंद घरात तुमचं प्रस्थान एकटं कसं ठेवू? सोबत आणलं," निर्मलाबेन म्हणाल्या. योगेंद्रनं कपाळाला हात लावला. "आई, तू घरात बस, मी पिशवी घेऊन येतो." "प्रस्थान कधी घरी परत आणतात का?" म्हणत सुंदराबाई रिक्षात ऐसपैस बसल्या. "तुझे विमानवालेही तेच सांगतात, मागं फिरू नका. चल आता. निर्मलाबेनला कळव, दोन माणसांचा स्वयंपाक जास्त टाका म्हणावं. फुकटात बारडोलीपण झाली."