राघूचा कौल

“बाबा, कौल लाव,” म्हणत तुळसाने पोपटाचा पिंजरा देवीच्या देवळात आणून ठेवला.

भागोजी गुरव सकाळची पूजा उरकून खांबाला टेकला होता. गावाचे सगळे प्रश्न त्याच्याच हातून देवीपुढे जात. पोरीचं लग्न, मुंबईची नोकरी, हरवलेली म्हैस. लोक कौल घेऊन हलके होऊन जायचे आणि ओझं भागोजीकडे राहायचं. पोपटासाठी मात्र आजवर कुणी आलं नव्हतं.

“लोकं हसतील गो,” तो म्हणाला. पण लेकीचं उतरलेलं तोंड बघून गुडघ्यांवर हात टेकत उठला.

राघूच्या गळ्याखाली गाठ आली होती. रत्नागिरीचा गुरांचा डॉक्टर म्हणाला होता, म्हशी कापल्यात, पोपट कधी नाही. भूल दिल्यावर उठेलच असं नाही. गाठ राहिली तर थोड्याच दिवसांत घास गिळता येणार नाही. बघा, आणायचा तर आज आणा, उद्या मी रजेवर.

राघू गोदाचा, म्हणजे तुळसाच्या आईचा. गिरण्यांच्या संपाच्या साली गोदाच्या पोटातही गाठ निघाली होती. मुंबईला नेऊन ऑपरेशन करायचं का, म्हणून भागोजीने एकट्याने येऊन कौल लावला. मग सगळ्यांना सांगितलं, देवी नको म्हणते. चतुर्थीच्या आधी गोदा गेली. तुळसाने त्यानंतर देवीपुढे हात जोडले नव्हते. आज आली ती भक्तीने नव्हे. आपल्या तोंडाने हो किंवा नको म्हणायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, एवढंच.

भागोजीने दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या पाषाणाला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं. बापलेक पाकळ्यांकडे बघत बसले.

डावी पडली.

तुळसा रडली नाही. “आयशीला नको म्हणाली, आता ह्यालाही नको,” एवढंच म्हणाली. राघूला कुरवाळायला तिने गजांतून बोट घातलं, तर त्याने कडकडून चावा घेतला. रक्त आलं.

भागोजी बघत होता. तो म्हणाला, “तुझ्या आयशीला उजवा कौल दिलान देवीनं.”

तुळसाने मान वर केली.

“आधी तिलाच जाऊन सांगितलं मी. तर म्हणाली, डावा सांगा सगळ्यांना. मी दमले.” त्याने पिंजरा उचलून लेकीच्या हातात दिला. “ह्यो अजून चावतोय. ऊठ, यष्टी चुकेल.”