पानाच्या पायथ्याशी

सोमवारी सकाळी लुसाका येथे, खाणदुर्घटनेचा चौकशी अहवाल दुपारी न्यायालयात दाखल व्हायचा असताना, आयोगाचे सचिव सिचोने अक्षरजुळणी करणाऱ्या मुतिंताकडे आले. तिने प्रत्येक पानाच्या पायथ्याशी ‘अंतिम अहवाल’ हे शब्द बसवले होते; तिचा भाऊ त्याच खाणीत गाडला गेला होता. “बाई, पायथ्याला ‘मसुदा’ टाका,” सचिव म्हणाले. “मसुदा न्यायालय वाचतसुद्धा नाही, साहेब.” “म्हणूनच तर.” “चारशे पानं आहेत. आठवडा लागेल.” सचिव हसले. “एका आज्ञेत सगळे पायथे बदलतात, शुक्रवारी तुम्हीच मिरवून दाखवलंत. ताटातली न्शिमा निवायच्या आत उरकेल. तुम्ही नाही, तर दुसरा बसेल इथे.” मुतिंताने शब्द बदलला. भावाच्या मृत्यूचा वृत्तान्त असलेल्या पानाखाली ‘मसुदा’ उमटला. “इथे माझा भाऊ मेलाय,” ती म्हणाली. सचिवांनी छापून निघालेला गठ्ठा उचलला. “मसुद्यात कुणी मेलेलं नसतं, बाई.”