बाबांची शिफ्ट

दहावीचं वर्ष लागलं तसं बाबांनी विजयश्रीची कबड्डी बंद केली. तरी बाबांना सेकंड शिफ्ट असली की ती संध्याकाळी चोरून काळेवाडीच्या मैदानावर जायची आणि रात्री ते परतायच्या आत पुस्तक उघडून बसायची. गेले काही आठवडे त्यांची शिफ्ट बदललीच नव्हती.

आज मात्र चढाई करून ती मागे वळली, तर बाबा रेषेपाशी उभे.

"बाबा, गणिताचा धडा संपवूनच आले. शपथ."

"कंपनीत लाइन बंद पडली, लवकर सोडलं," ते खाली बघत म्हणाले. "विजू, मी घरी असलो की तुझं वर्ष वाया जाईल अशी धास्ती वाटते, आणि तुला अडवल्याशिवाय राहवत नाही. म्हणून तर सेकंड शिफ्ट मागून घेतो."