टाचा

भिंगरी खोलीत शिरली ती थेट खुर्चीवर चढली. तिला खाली उतरवेपर्यंत तिने पडदा ओढला, नळ सोडला आणि टेबलाखालून पलीकडे पसार झाली. चार वर्षांची पोर, पण एका जागी टिकेल तर शपथ! आईने कपाळाला हात लावला.

समोर लहान मुलांची डॉक्टर बसली होती. आईला तिच्याकडून एकच हवं होतं, औषध. बालवाडीच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, पोरीला आवरा, नाहीतर घरी ठेवा. आणि पोर घरी ठेवायची म्हणजे सकाळचं इस्त्रीचं काम सुटलं.

"झोप लागते का तिला?" डॉक्टरने विचारलं.

"लागते ना."

"कुठे झोपते?"

आई गडबडली. नणंदेने निघताना बजावलं होतं, घरातला चकार शब्द बाहेर काढू नकोस वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. "तिच्या खोलीत," ती म्हणाली.

"खोल्या किती आहेत?"

आता बोला! दुखणं पोरीचं आणि नाडी बघायची घराची. ही डॉक्टर की जागांची दलाल? आईला काही कळेना. "दोन," ती म्हणाली. मग वाटलं, कमी पडल्या. "म्हणजे... तीन."

डॉक्टर हसली नाही. ती भिंगरीकडे बघत होती. "ही कायम अशी चवड्यांवरच चालते?"

"नाचरी आहे हो." गाडी एकदाची पोरीवर आली म्हणून आईला हायसं वाटलं. "धावतेसुद्धा तशीच. घरभर धावेल, पण पावलांचा आवाज म्हणून यायचा नाही."

"दिवसा घरात कोण झोपलेलं असतं?"

आई चपापली. हिला कोणी सांगितलं? नणंद तर फोडणार नाही. भिंगरीचा बाप बेकरीत रात्रपाळीला. सकाळी येऊन पडायचा तो थेट संध्याकाळी उठायचा. त्याची झोप मोडली तर रात्री भट्टीशी हात भाजून घेईल, म्हणून रोज दुपारी बालवाडी सुटली की मायलेकी त्याच्या उशाशी श्वासही जपून घ्यायच्या. घरात दुसरी खोली होतीच कुठे!

"एकच खोली आहे," ती शेवटी म्हणाली आणि तिला रडूच यायला लागलं. "पण त्याचा हिच्या औषधाशी काय संबंध?"

"औषधाचंही बघू. पोर चंचल आहे, ते खोटं नाही. पण अर्धा दिवस दाबून ठेवल्यावर उरलेला अर्धा दिवस ती उधळणारच ना? बालवाडीच्या बाईंशी मी बोलते. आणि आमच्याकडे एक ताई आहेत. दुपारी मुलांना खेळायला जागा, कुणाला जरा मोठं घर, असं सगळं त्या बघतात. बोलावू त्यांना?"

औषध मागायला आलो आणि ही घर देते म्हणते! हो म्हणावं, की आधी नणंदेला विचारावं? डॉक्टर खरंच मदत करतेय, की गोड बोलून सगळं काढून घेतेय? आईच्या डोक्यात नुसता गुंता झाला.

डॉक्टरने तिला घाई केली नाही. ती भिंगरीकडे वळली. "इथे कोणी झोपलेलं नाही गं. आपट बघू पाय जोरात!"

भिंगरी थबकली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ती एका जागी उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं.

"आपट," आई म्हणाली. तेही कुजबुजतच.

भिंगरीने पाय उचलला, वरच धरला आणि आईच्या पायांकडे बोट दाखवलं.

"आधी तू."

आईने खाली पाहिलं. खुर्चीत बसल्या बसल्या तिच्याही टाचा वर उचललेल्या होत्या.