वमनाची खुर्ची

आयुष्यभर ज्या खुर्चीवर बसवून मी लोकांना काढा पाजला, उलटी करवून शुद्ध केलं, तिच्यावर आज मीच बसलो. कॅन्सरसाठी केमो चालू होती आणि मला वमन हवं होतं. “काढा आण,” मी वैद्य लेकीला फर्मावलं. तिनं नाडी पाहिली आणि मनगट खाली ठेवलं. “नाही देणार. अंगात त्राण नाही तुमच्या. अशक्त माणसाला वमन द्यायचं नसतं.” “मला शिकवतेस?” “तुम्हीच शिकवलंत, बाबा. ओरडून.” मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला; त्यात मीही आलोच. ती ढिम्म हलली नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांनी ‘चालेल’ म्हटलेलं तेवढं कोमट तेल घेऊन माझे तळपाय चोळू लागली. दारातून जुन्या पेशंटनं डोकावलं. “वैद्यबुवा, येऊ का?” “वैद्य या आहेत,” मी लेकीकडे ऐटीत बोट दाखवलं. “थांबा, आधी माझा नंबर आहे!”