कोरी ओळ

"तिसऱ्या कडव्याखाली बघा," मॅडम वर्गाला म्हणाल्या. "इथे कवीने एक अख्खी ओळ कोरी सोडली आहे. सगळा मुक्तछंद इथे येऊन श्वास रोखतो. कवीचं दुःख या मौनात आहे. परीक्षेला हमखास येतं हे."

आज पाहुणा म्हणून बोलावलेला कवी खुर्चीत चुळबुळला. "मॅडम, ते मौन नाही हो. तिथे ओळ होती, कवितासंग्रह छापतानाच गळली. किती वेळा कळवलं, कोणी दादच देत नाही."

मॅडम हसल्या. "गळली ते बरंच झालं, सर. त्या कोऱ्या जागेमुळेच तर कविता पाठ्यपुस्तकात लागली."

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "काय होतं त्या ओळीत?"

"माझ्या लेकीचं नाव." कवी म्हणाला. "ती गेली तेव्हा तुझ्याएवढीच होती. नाव कुठेतरी छापलेलं राहावं, एवढ्यासाठीच कविता लिहिली."

मग त्याने ते नाव सांगितलं. मुलीने पुस्तक पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं.

मॅडम तिच्या बाकापाशी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिथे काही लिहू नकोस, बाळ. मार्क मौनाला आहेत."